बंद आहे ते व्हीटी-एक्स, लॅपटॉप नव्हे

उर्दू माध्यमातून शिकलेलं मूल मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये येतं, तेव्हा त्याला गणित येत नसतं असं नाही. त्याला गणितातली नावं येत नसतात. त्रिकोण ते 'मुसल्लस' म्हणून शिकलेलं असतं, कोन 'ज़ाविया' म्हणून, अपूर्णांक 'कसर' म्हणून. गुणाकार म्हणजे 'ज़र्ब' आणि भागाकार म्हणजे 'तक़सीम'. फळ्यावर 'समद्विभुज त्रिकोणाचे कोन' असं लिहिलं की ते गप्प बसतं आणि शिक्षक शेरा देतात, पाया कच्चा आहे. वीस वर्षं दोन्ही भाषा शिकवते आहे, त्यामुळे हा शेरा मी पुष्कळ प्रगतिपुस्तकांवर वाचला आहे.

आमच्या भागातल्या एका निवृत्त शिक्षकांनी यावर काम करून ठेवलं होतं. आम्ही त्यांना मोठे सर म्हणतो. २००३ ते २००९ या काळात, शाळा सुटल्यावर रोज थोडं थोडं करत, पाचवी ते दहावीच्या गणित, विज्ञान आणि भूगोलातल्या शब्दांची उर्दू-मराठी सूची त्यांनी संगणकावर टाइप केली. छापायला पैसे मिळाले नाहीत. संगणक बिघडला, भंगारात गेला. राहिल्या त्या तीन सीडी आणि त्यांत अठरा फाइल्स. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "बेटा, उघडतात का बघ. माझ्या डोळ्यांत आता पुन्हा टाइप करायची ताकद नाही."

उघडत नव्हत्या. कारण समजायला थोडा इतिहास लागतो. त्या काळी उर्दू टाइप करायची म्हणजे 'इनपेज' वापरायचं. नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे जाताना खाली उतरत जाते, अक्षर कुठे बसलं आहे यावर त्याचा आकार बदलतो. साधे फॉन्ट हे करू शकत नव्हते. मिर्झा अहमद जमील यांचं नूरी नस्तालीक १९८१ साली पाकिस्तानच्या 'जंग' दैनिकात वापरात आलं, आणि पुढे इनपेजमुळे ते साध्या पीसीवर पोचलं. मराठीसाठी मोठ्या सरांकडे श्रीलिपी होती. या दोन्हींत तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये साठत नसे, प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी. म्हणून सरांनी उर्दू शब्द एका फाइलमध्ये, मराठी शब्द दुसऱ्या फाइलमध्ये, आणि दोघांना जोडणारा अनुक्रमांक, असं केलं होतं. आजच्या विंडोजवर त्या फाइल उघडल्या की पडद्यावर कोंबडीचे पाय उमटतात.

सरांकडे दोन्ही प्रोग्रामच्या मूळ सीडी होत्या. परवान्याचे यूएसबी डोंगलही त्यांनी रुमालात बांधून जपून ठेवले होते. विंडोज एक्सपीची सीडीही होती, पंचवीस अक्षरांच्या क्रमांकासह. म्हणजे हवी होती ती एक्सपी चालणारी एक जागा. एक्सपी २००१ ची. मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबवली, त्यामुळे आज ती थेट इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर टाकणं म्हणजे ताप असलेल्या मुलाला वर्गात बसवणं. यावर आजचा उपाय आहे व्हर्च्युअल मशीन. तुमच्या विंडोजच्या आत एक प्रोग्राम चालतो, त्या प्रोग्रामच्या आत एक अख्खा संगणक, आणि त्यात एक्सपी. बाहेरच्या जगाशी तिचा संबंध ठेवायचा नाही.

माझा एक जुना विद्यार्थी शनिशिंगणापूरला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं आणि टायपिंगचं दुकान चालवतो. त्याला मी नववी-दहावीला मराठी शिकवलं होतं. घोडेगावच्या फाट्यावरून आत वळलं की थोड्याच अंतरावर गाव. शनिवारी आणि अमावस्येला तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी मंगळवारी गेले. या गावात घरांना दारं नसतात हे वाचकांना ठाऊकच आहे. चौकट असते, पडदा असतो, रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून फळी लावतात. २०११ साली युको बँकेने इथे 'बिनकुलपाची' शाखा उघडली तेव्हा देशभर बातमी झाली होती. त्या शाखेच्या काचेच्या दाराला सहज दिसणार नाही असं रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप आहे, हेही त्याच बातम्यांत होतं, पण ते कमी लोकांनी वाचलं. (गावाचं नाव अलीकडे इतर कारणांनीही बातम्यांत आलं. त्यावर लिहायचं तेव्हा लिहीन. आज विषय संगणकाचा आहे.)

त्याने आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स आधीच टाकून ठेवलं होतं आणि एक्सपीचं यंत्र तयार केलं होतं. 'स्टार्ट' दाबलं की लाल खूण येई आणि एक इंग्रजी वाक्य: व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस फॉर ऑल सीपीयू मोड्स. खाली एक लांबलचक सांकेतिक नाव. त्याने चार वेळा प्रोग्राम काढून पुन्हा टाकला होता. मग लॅपटॉप नगरला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. तिथे उत्तर मिळालं, मदरबोर्ड सपोर्ट करत नाही, नवीन घ्या. तो हप्त्यांची चौकशी करून आला होता.

मी त्याला म्हटलं, वाक्य वाच. 'डिसेबल्ड' म्हणजे बंद केलेलं. नसलेल्या गोष्टीला कोणी बंद करत नाही.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे दिसतं, कारण आमचं कामच ते. यंत्र आपल्याला कारण सांगत असतं, आपण लाल खूण बघून वाक्य सोडून देतो. या बाबतीत तर वाक्यं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. 'व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल' आलं तर एक तर प्रोसेसरमध्ये ती सोयच नाही, नाही तर ती दुसऱ्या कोणीतरी आधीच ताब्यात घेतली आहे. 'डिसेबल्ड इन द बायोस' आलं तर सोय आहे, कुलूप लागलेलं आहे. एएमडीचा प्रोसेसर असेल तर व्हीटी-एक्सच्या जागी 'एएमडी-व्ही' दिसेल, आणि बायोसमध्ये शोधायचं नाव 'एसव्हीएम मोड'. याची माहिती नसेल तर माणूस बायोसमध्ये अर्धा तास 'व्हर्च्युअलायझेशन' हा शब्द शोधत बसतो, कारण काही बायोसांत तो लिहिलेलाच नसतो.

ही सोय म्हणजे नेमकं काय? द्विशिक्षकी शाळेत शिकवलेल्यांना लगेच कळेल. एका खोलीत दोन इयत्ता, एकच बाई. प्रत्येक विंडोजला वाटतं की प्रोसेसरची मालकीण आपणच आहोत. एकात एक दोन ठेवल्या तर आतली विंडोज मालकिणीसारखे हुकूम सोडणार, ते थेट पाळले तर बाहेरची कोलमडणार. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने पीसीसाठी आपला पहिला प्रोग्राम आणला तेव्हा यावर उपाय असा होता की, आतल्या विंडोजचे हुकूम आधी वाचायचे आणि धोक्याचे असतील ते बदलून मग प्रोसेसरला द्यायचे. फार हुशारीचं आणि फार कष्टाचं काम. नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने ही व्यवस्था प्रोसेसरमध्येच घातली. आतल्या पाहुण्यासाठी वेगळी अवस्था. तिथे त्याने हवं ते करावं, नाजूक हुकूम आला की प्रोसेसर आपोआप थांबतो आणि सूत्रं यजमानाकडे देतो. या सोयीवर प्रोग्राम इतके विसंबले की डिसेंबर २०१९ च्या व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून जुनी पद्धत काढूनच टाकली. आता व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही चालू नसेल तर यंत्र सुरूच होत नाही.

मग इतकी कामाची गोष्ट कारखान्यातून बंद का येते? पुष्कळ लॅपटॉपवर ती बंदच येई, आणि त्याला एक कारण होतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये योआना रुत्कोव्स्का या पोलंडच्या संशोधक बाईंनी अमेरिकेत ब्लॅक हॅट परिषदेत 'ब्लू पिल' नावाचा प्रयोग दाखवला. याच सोयीचा वापर करून चालू असलेली अख्खी विंडोज गुपचूप पाहुणी करून टाकायची आणि यजमानाच्या जागी आपण बसायचं. वापरणाऱ्याला पत्ताही नाही. ज्याला व्हर्च्युअल मशीन वापरायचंच नाही त्याच्याकडे हे दार उघडं कशाला, असा विचार त्यानंतर चुकीचा म्हणता येत नाही.

कुलपाची रचनाही साधी आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एक छोटं रजिस्टर असतं, तीन-ए क्रमांकाचं. त्यातल्या अगदी पहिल्या बिटाचं नावच 'लॉक बिट'. यंत्र सुरू होताना बायोस ठरवतं की सोय चालू ठेवायची की बंद, आणि मग तो बिट १ करतं. त्यानंतर विंडोज असो, तिचा ॲडमिनिस्ट्रेटर असो, कोणालाही ते बदलता येत नाही. यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल तेव्हाच. म्हणून नेटवर 'एका क्लिकमध्ये व्हीटी चालू करा' म्हणणारे जे प्रोग्राम मिळतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. विंडोजमधून हे होणं शक्यच नाही, मग तो प्रोग्राम तुमच्या संगणकात दुसरंच काहीतरी करतो आहे. माझ्या विद्यार्थ्याने असा एक उतरवून ठेवला होता. उघडला नव्हता, हे बरं झालं.

आम्ही आधी टास्क मॅनेजर उघडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'वर जायचं. उजवीकडे खाली 'व्हर्च्युअलायझेशन: डिसेबल्ड' असं स्पष्ट लिहिलं होतं. दहा सेकंदांची तपासणी, नगरची फेरी आणि हप्त्यांची चौकशी वाचली असती.

बायोसमध्ये जाण्यापूर्वी एक काम करून घ्या, आणि हे मी जरा आवाज चढवून सांगते. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. बायोसमध्ये बदल केला की पुढच्या वेळी ती अठ्ठेचाळीस अंकांची रिकव्हरी की मागू शकते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते आधी बघा, कागदावर उतरवून घ्या. व्हीटी-एक्स मिळवायला गेलो आणि घरच्या फोटोंना मुकलो, असं व्हायला नको. आम्ही की मोबाइलवर शोधून त्याच्या पावतीपुस्तकाच्या मागे लिहिली.

बायोसची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी, एफ-२, एफ-१०, डिलीट. ती पकडायला जमत नसेल तर सेटिंग्जमधून 'सिस्टिम', 'रिकव्हरी', 'ॲडव्हान्स्ड स्टार्टअप' असं जाऊन 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' निवडता येतं. आत गेल्यावर आम्हाला दोन ओळी दिसल्या, 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' आणि 'व्हीटी-डी'. आपल्याला पहिली हवी. दुसरी आतल्या यंत्राला एखादं कार्ड थेट सोपवण्यासाठी असते, तिच्याशी आपलं काम नाही. पहिली 'एनेबल्ड' केली, एफ-१० दाबून जतन केलं.

इथे पुष्कळजण अडकतात, म्हणून थोडं थांबते. काही यंत्रांवर नुसत्या रीस्टार्टने बदल लागू होत नाही, वीज पूर्ण तुटावी लागते. आणि विंडोजमधलं 'शट डाउन' हल्ली खरं शट डाउन नसतं. 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो. शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' केलं तर ती खरोखर बंद होते. मग चार्जर काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. टास्क मॅनेजरमध्ये आता 'एनेबल्ड' होतं. हप्त्यांचा कागद त्याने फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. "कधीतरी लागंल, मॅडम," म्हणाला.

एक्सपी सुरू झाली, पण इतकी सावकाश की निळ्या पडद्यावरच्या रेघा मोजता याव्यात. आणि खिडकीच्या खाली कोपऱ्यात एक हिरवं कासव आलं. ही थट्टा नाही, व्हर्च्युअलबॉक्सने ठेवलेली खूण आहे. अर्थ असा की व्हीटी-एक्स चालू आहे, पण ते विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्हीने आधीच ताब्यात घेतलं आहे, आणि व्हर्च्युअलबॉक्स आता तिच्या परवानगीने, तिच्यामार्फत काम करतं आहे. वर म्हटलं ते 'दुसऱ्या कोणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा हीच. तुम्ही हायपर-व्ही कधी मागितली नसेल, तरी ती येते. 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटेग्रिटी' चालू असेल तर येते. 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म', विंडोजमधलं लिनक्स किंवा 'विंडोज सँडबॉक्स' टाकलं असेल तरी येते. व्हीएमवेअरच्या जुन्या आवृत्त्या अशा वेळी 'क्रेडेन्शियल गार्ड'शी जमत नाही असं सांगून सरळ नकार देत. २०२० च्या १५.५.५ पासून त्याही जुळवून घेतात. (तिथे 'व्हर्च्युअलाइझ इंटेल व्हीटी-एक्स/ईपीटी' नावाचा चौकोन असतो. त्यावर टिक असेल आणि 'नॉट सपोर्टेड' आलं तर टिक काढा. यंत्राच्या आत आणखी यंत्र चालवायचं असेल तरच ती लागते.)

कासव घालवायचं असेल तर 'मेमरी इंटेग्रिटी' बंद करायची, 'विंडोज फीचर्स'मधल्या त्या टिका काढायच्या, आणि तरीही गेलं नाही तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत बीसीडीएडिटचा हुकूम देऊन 'हायपरव्हायजर लाँच टाइप' ऑफ करायचा. संगणकावर गेम खेळणारी मुलं ब्लूस्टॅक्ससाठी हे सगळं डोळे मिटून करतात. माझ्या वर्गातल्या दोघांना ते माझ्यापेक्षा लवकर जमतं, इंग्रजीचा पेपर मात्र अवघड जातो.

पण माझा विद्यार्थी 'मेमरी इंटेग्रिटी'च्या बटणावर बोट ठेवून थांबला. त्याने विचारलं, हे नेमकं काय राखतं? मी सांगितलं, विंडोजच्या गाभ्यात खोटं ड्रायव्हर घुसू नये यासाठीचा पहारा आहे. ब्लू पिलची जी भीती होती, त्याच हत्याराने आता विंडोज स्वतःला वेगळं ठेवते. तो म्हणाला, "मग नको, मॅडम. या लॅपटॉपात निम्म्या गावाचं आधार हाय, पासबुकं हायेत, पोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म हायेत. कासव राहू द्या."

मला ते पटलं. नेटवरच्या सूचना डोळे झाकून पाळल्या असत्या तर आम्ही एका जुन्या प्रोग्रामच्या वेगासाठी लोकांच्या कागदांवरचा पहारा उठवला असता. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर, जिथे प्रश्नपत्रिकांपलीकडे काही नाही, मी कदाचित बंद केलं असतं. दुकानाच्या यंत्रावर नाही. आम्ही एक्सपीला ५१२ एमबी मेमरी दिली, तिला तेवढी पुष्कळ. नेटवर्क कार्ड काढून टाकलं आणि कासवाच्या चालीने पुढे गेलो. स्थापनेला दुपार गेली. मधे दोनदा पडदा गोठला, तिसऱ्यांदा पार पडली. डोंगल यूएसबीच्या यादीतून आतल्या यंत्राला जोडून दिले, ते लगेच ओळखले गेले.

आमच्या शाळेच्या जुन्या लॅबबद्दलही सांगते, कारण असे संगणक अजून पुष्कळ शाळांत आहेत. कोअर २ ड्युओ ई४५०० सारख्या प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स मुळातच नाही. तिथे बायोस कितीही उलटंपालटं केलं तरी ओळ सापडणार नाही, कारण ती नाहीच. जुनं व्हर्च्युअलबॉक्स ५.२ टाकून ३२ बिटची यंत्रणा चालवता येते, पण तिचीही देखभाल २०२० मध्येच संपली. माझं मत, अशा संगणकाची नेटची वायर काढा आणि एक्सपी सरळ त्याच्यावरच टाका. तो तिच्याच काळातला आहे.

'व्हर्च्युअल'ला मराठीत आपण 'आभासी' म्हणतो, उर्दूत 'मजाज़ी'. मला उर्दू शब्द जास्त बरोबर वाटतो. आभास म्हणजे जे नाही ते दिसणं. मजाज़ी म्हणजे जे थेट ते नाही, पण त्याच्या जागी उभं राहून त्याचं काम करतं. उर्दू शायरीत इश्क़-ए-मजाज़ी खोटा नसतो. मोठ्या सरांच्या सूचीत हा शब्द आहे का ते मी बघितलं. नाही. २००९ पर्यंत पाठ्यपुस्तकात तो लागला नसावा.

संध्याकाळी पहिली फाइल उघडली. पडद्यावर नस्तालीकमध्ये 'मुसल्लस', पुढे अनुक्रमांक. दुसऱ्या खिडकीत श्रीलिपीत तोच अनुक्रमांक आणि 'त्रिकोण'. सरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा पुसला, पडदा जवळ आणायला सांगितलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, की सतराव्या नोंदीत वेलांटी चुकली आहे, ती आधी नीट करा.

अठरापैकी सोळा फाइल्स आता युनिकोडमध्ये एकाच तक्त्यात आल्या आहेत. उर्दू एका रकान्यात, मराठी शेजारी. भूगोलाच्या दोन फाइल्स असलेली सीडी ओरखडली आहे, ती वाचली जात नाही. त्या नोंदी मी आणि आठवीच्या चार मुली मिळून जुन्या पुस्तकांवरून नव्याने लिहितो आहोत. कोणाकडे त्या काळची बालभारतीची उर्दू भूगोलाची पुस्तकं असतील, सहावी आणि सातवीची, तर मला जरूर कळवा. पानं फाटलेली असली तरी चालतील.